खाजनातले १०६१ हर्ट्झ : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, माशेल (गोवा)

भाच्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरला. विषय त्यानेच शोधून आणला: केऑटिक आंदोलकाच्या मदतीने गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल पकडणे. कॉलेजातल्या मार्गदर्शकांनी होकार दिला आणि हार्डवेअरचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ऑसिलोस्कोप असलेला मामा प्रत्येक विद्यार्थ्याला नसतो. प्रोग्रॅम त्याने लिहायचे, सोल्डरिंग आणि नोंदी माझ्याकडे, अशी वाटणी आहे.

विषयाचं मूळ जुनं आहे. जर्मन अभियंता गेओर्ग डफिंग याने १९१८ साली अशा आंदोलकाचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्याची स्प्रिंग ताण वाढेल तशी आपली ताठरता बदलते. आम्ही घेतलेलं रूप हे:

क्ष″ + ०.५ क्ष′ − क्ष + क्ष³ = गॅमा × कोसाइन (काळ)

भाच्याच्या आईला समजावं म्हणून मी सांगितलं ते असं: दोन खळगे असलेल्या ताटात एक गोटी आहे आणि कोणीतरी ते ताट ठरावीक तालात हलवतंय. क्ष म्हणजे गोटीची जागा, गॅमा म्हणजे हलवण्याचा जोर. जोर कमी असेल तर गोटी एकाच खळग्यात घुटमळते. वाढवला की कधी या खळग्यात, कधी त्या, कशाचा कशाला मेळ नाही, हा केऑस. आणखी वाढवला की दोन्ही खळग्यांना वळसा घालून शिस्तीत मोठी फेरी सुरू होते. युक्ती अशी की केऑस संपून मोठी फेरी सुरू होते त्या सीमेच्या किंचित खाली गॅमा ठेवायचा. त्याच वारंवारतेचा इवलासा सिग्नल आत आला की एकूण जोर सीमेपार जातो आणि पडद्यावरचं चित्र एकदम बदलतं. गोंगाटाला ताल नसतो, म्हणून त्याने चित्र बदलत नाही, असा दावा.

१९९२ साली बर्क्स आणि पायपेनबर्ग यांनी ही कल्पना मांडली, १९९९ साली वांग आणि सहकाऱ्यांनी तिची व्यवस्थित मांडणी केली आणि मग अशा निबंधांचं पीकच आलं. काहींचे दावे उणे ६० डेसिबलच्याही खाली जातात. उणे ६० म्हणजे सिग्नलची शक्ती गोंगाटाच्या दशलक्षांश. आकडे बघून ताई म्हणाली, "मग आणखी काय पाहिजे?" मला मात्र पाहिजे ते एवढंच: हा आकडा कसल्या मापाने मोजला ते.

८ जानेवारी

पायथनमध्ये रुंगे-कुट्टा (समीकरण काळाच्या छोट्या पायऱ्यांनी सोडवायची पद्धत) लिहून झालं. गॅमा ०.८२० ला फेज-चित्रात (जागा आडवी, वेग उभा) गुंता, ०.८३० ला स्वच्छ मोठी फेरी. सीमा ०.८२६ च्या आसपास; निबंधांतही तेच.

भाच्याने एका पुस्तकातून मेल्निकॉव्हचं सूत्र काढून ०.३७६ हा आकडा आणला आणि गोंधळला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मेल्निकॉव्ह (१९६३) सांगतो ती केऑसची शक्यता निर्माण होण्याची खालची सीमा. आपल्याला हवी ती वरची, केऑस मोडून मोठी फेरी सुरू होण्याची. तिला असं नेटकं सूत्र नाही, ती करून बघूनच काढावी लागते. काही निबंधांत सूत्र खालच्या सीमेचं आणि प्रयोग वरच्या सीमेवर असतो, आणि वाचणारा बिचारा दोन्ही जुळवत बसतो.

दुसरी गोष्ट. सीमेच्या जवळ गेलं की निर्णय लांबतो. मोठ्या फेरीत जायचंच असेल तरी आंदोलक आधी बराच वेळ केऑसमध्ये भटकतो आणि मग रुळावर येतो. म्हणजे "चित्र बदललं नाही" याचे दोन अर्थ होतात: सिग्नल नाही, किंवा अजून थांबा. किती थांबायचं हे ठरवल्याशिवाय या यंत्राला उत्तरच नाही.

१२ जानेवारी

आजची नोंद सविस्तर, कारण सगळा विषय इथे अडकला आहे.

संगणकात गोंगाट तयार करताना प्रत्येक पायरीला एक यादृच्छिक आकडा घेतात. त्याचं प्रमाण विचलन सिग्मा. सिग्नलची शक्ती भागिले सिग्माचा वर्ग, त्याचे डेसिबल, झालं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर. वरवर ठीक. पण हा गोंगाट शून्यापासून नमुना-दराच्या निम्म्यापर्यंत पसरलेला असतो. पायरी ०.०१ असेल तर ५० हर्ट्झपर्यंत. आपला आंदोलक ऐकतो तो सिग्नल एक भागिले दोन पाय, म्हणजे ०.१६ हर्ट्झला, आणि दोन-चार पट वरच्या गोंगाटाकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याचं जडत्वच तेवढं आहे. म्हणजे मोजलेल्या गोंगाटातला फार मोठा वाटा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

भाच्याला एक प्रयोग करायला लावला. सिग्मा तोच, सिग्नल तोच, फक्त पायरी ०.०१ ऐवजी ०.००१. तोच गोंगाट आता दहापट रुंद पट्ट्यात पसरला, त्याची घनता दशांश झाली. कागदावरचं गुणोत्तर जागच्या जागी, पण आंदोलकापर्यंत पोचणारा गोंगाट १० डेसिबलने कमी! पायरी आणखी दशांश केली की आणखी १० डेसिबल फुकट. असं करत उणे ६० काय, उणे १०० सुद्धा गाठता येईल. फक्त संगणक तेवढा चालवायचा धीर पाहिजे.

"मामा, मग हे सगळे खोटं लिहितात?"

खोटं नाही लिहीत. मोजमापाची अर्धी बाजू लिहितात. घाऊक बाजारात माप न सांगता नुसता भाव सांगण्यातला प्रकार.

तुलनेला काय ठेवायचं हे आजच ठरवून टाकलं: लॉक-इन. येणाऱ्या सिग्नलला त्याच वारंवारतेच्या साइन आणि कोसाइनने गुणायचं, बेरीज करायची, दोन बेरजांच्या वर्गांची बेरीज बघायची. शाळकरी त्रिकोणमिती. आणि पांढऱ्या गाउसियन गोंगाटात (सगळ्या वारंवारतांवर सारखा पसरलेला, मोठी टोकं अगदी दुर्मीळ असलेला) ओळखीचा सिग्नल शोधायला यापेक्षा वरचढ काही असू शकत नाही हे नॉर्थच्या १९४३ च्या रडारवरच्या कामापासून माहीत आहे. मॅच्ड फिल्टर तोच. तेव्हा "केऑसने लॉक-इनला हरवलं" असं पांढऱ्या गोंगाटाबाबत कोणी म्हटलं तर चूक कुठे आहे एवढंच शोधायचं उरतं.

हिशोब करून भिंतीवर लावला. साउंडकार्ड ४८,००० नमुने दर सेकंदाला. एका नमुन्यामागे गुणोत्तर उणे ३० डेसिबल असेल आणि फेज (लाट तालाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) माहीत असेल, तर १ सेकंदात लॉक-इनचं उत्तर सुमारे ७ सिग्मा. शंकेला जागा नाही. उणे ६० साठी तेवढीच खात्री हवी तर हजारपट वेळ: १००० सेकंद, जवळजवळ १७ मिनिटं. पट्टा आणि वेळ सांगितला की उणे ६० मधली जादू जाते आणि तो नुसता चिकाटीचा प्रश्न होतो. फक्त तेवढा वेळ दोन्ही बाजूंची घड्याळं जुळलेली हवीत. साध्या क्रिस्टलची चूक दशलक्षात ५० धरली तर १ किलोहर्ट्झला ०.०५ हर्ट्झ, म्हणजे २० सेकंदांत फेज पूर्ण गरगरून परत जागेवर. १७ मिनिटं बेरीज करायची तर जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्यावर दोन्ही टोकं बांधावी लागतील.

१९ जानेवारी

फेजचा मुद्दा. सिग्नल आपल्या तालात आला तर जोर वाढतो, विरुद्ध आला तर कमी होतो आणि आंदोलक केऑसमध्येच आणखी आत जातो. सिग्नल आहे, पण यंत्र म्हणतं नाही. चार आंदोलक ०, ९०, १८०, २७० अंशांवर ठेवले की कोणता तरी एक ४५ अंशांच्या आत सापडतो आणि जास्तीत जास्त ३ डेसिबलचं नुकसान होतं. लॉक-इनला हे दोन गुणाकारांत मिळतं. चार आंदोलक म्हणजे पाटीवर (सर्किट बोर्डवर) आठ गुणक चिप्स, दोन व्होल्टेजचा गुणाकार करणाऱ्या. मी एकच बांधणार आणि फेज बटणाने फिरवणार.

२९ जानेवारी, पौष अमावास्या

संगणकातला गोंगाट फार सभ्य आहे. खरा पाहिजे. भाच्याचा आग्रह पाण्याखालच्या आवाजाचा, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्याकाठचं ओळखीतलं खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन) बघायला गेलो. मांडवी आणि जुवारीला जोडणारा हा कालवा, दोन्हीकडून भरती आत येते. बांधात मानस आहे: लाकडी दारं, भरतीचं पाणी दाबून ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. वीज नाही, मोटर नाही. ऑटोमेशन शिकवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

जाताना एका बांधावर मानगे थापणी चालली होती. चिखलाची मगर, हातभर रुंद पाठ, तिच्यावर शिंपल्यांची खवलं एकाला एक लागून दाबून बसवलेली. जबड्यात दातांच्या जागी तिसऱ्यांच्या शिंपा, टोक बाहेर. बांध फुटू नये, माणसाला इजा होऊ नये म्हणून ही पूजा. कालव्यात खऱ्या मगरी आहेतच. मानशीची पावणी (तिथल्या मासेमारीचा लिलाव) घेतलेला माणूस आमच्या वायरी बघून एवढंच म्हणाला, "थंय मानगें आसा, सांबाळून!" तेव्हा पाण्यात उतरणं नाही, हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) बांबूच्या टोकाला बांधून बांधावरूनच सोडायचा, हे तिथेच ठरलं.

९ फेब्रुवारी

ॲनालॉग पाटी. हा भाग मला मनापासून आवडतो. केऑस प्रत्यक्ष दिसला तोही अशाच यंत्रात: क्योतो विद्यापीठातला विद्यार्थी योशिसुके उएदा, २७ नोव्हेंबर १९६१, ॲनालॉग संगणकावर आंदोलकाचं गणित सोडवताना कागदावर उमटलेले ठिपके गुळगुळीत वक्रावर बसेनात. यंत्र बिघडलंय असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्याने ते कागद जपून ठेवले.

पाटीचा तपशील, पुढे कोणाला उपयोगी पडला तर. घनासाठी दोन एडी ६३३ गुणक, दोन इंटिग्रेटर आणि एक चिन्ह उलटून बेरीज करणारा टीएल ०८४ या ऑपॲम्प चिपवर, पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट. एडी ६३३ गुणाकाराला १० ने भागतो, म्हणून दोन गुणकांतून घन १०० ने भागून बाहेर येतो. १ एकक म्हणजे १ व्होल्ट धरलं तर शंभरपट वाढवावं लागतं आणि चिपचे ऑफसेट (शून्याच्या जागी दिसणारी छोटी चूक) पण शंभरपट होतात. १ एकक म्हणजे ५ व्होल्ट धरा: १२५ भागिले १००, आणि फक्त चौपट वाढ पुरते. ही चौपट वेगळ्या ऑपॲम्पने करायची नाही, तो १५ व्होल्टला जाऊन टेकेल. इंटिग्रेटरच्या त्या वाटेवर १०० किलोओहमऐवजी २५ किलोओहम ठेवायचा, काम झालं. (बाजारात २५ मिळत नाही. शंभराचे चार समांतर.)

१०० किलोओहम आणि १.५ नॅनोफॅरड घेतलं की समीकरणातला ताल (ओमेगा १) पाटीवर १०६१ हर्ट्झचा होतो. तीच आमची वारंवारता ठरली.

रात्री एक्स-वाय मोडवर पहिल्यांदा दोन खळगे दिसले. भाचा खुर्ची ओढून अर्धा तास नुसता बघत बसला. गॅमाचा मल्टिटर्न पॉट (बारीक फिरणारं बटण) हळूहळू फिरवला की तो हिरवा गुंता एका क्षणी ताड्‌कन सुटून एकच जाड कडं होतं. हे बघितल्यावर लोक या विषयाच्या प्रेमात का पडतात ते कळतं.

१६ फेब्रुवारी

प्रेम बाजूला ठेवून मोजणी. सकाळी सीमा एका जागी, दुपारी पत्र्याखाली खोली तापली की दुसरीकडे. एडी ६३३ ची एकूण चूक पूर्ण पल्ल्याच्या २ टक्क्यांपर्यंत असू शकते असं त्याच्या माहितीपत्रातच आहे, आणि आपण सीमेच्या हजारांशाने खाली उभं राहायचं म्हणतोय. नाकापेक्षा मोती जड. रोज सुरुवातीला सीमा पुन्हा शोधायची आणि सीमेपासून १ टक्का खाली राहायचं, त्याहून जवळ नाही. म्हणजेच अधिक क्षीण सिग्नल या पाटीवर दिसणार नाही, हे मान्य करूनच पुढे.

२ मार्च

हायड्रोफोन: २७ मिलिमीटरची पितळी पिएझो चकती, मागे जेफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) छोटा प्रवर्धक, सगळं अॅरल्डाइटमध्ये ओतून बंद. पाण्यात सोडला आणि हेडफोन लावला तर कढईत काहीतरी तडतडतंय असं वाटावं असा आवाज. भाच्याला वाटलं सोल्डर सुटलं. सोल्डर ठीक आहे. ती पिस्तूल कोळंबी. मोठा नांगा इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा फवारा सुटतो, त्यामागे पोकळीचा बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना आवाज होतो. नांग्याची दोन पाती एकमेकांवर आपटून तो आवाज होतो अशी समजूत होती. बुडबुड्याचं कारण २००० साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या लोजे यांच्या गटाने अतिजलद कॅमेऱ्याने दाखवलं. एक मीटरवर १८० डेसिबलच्या वर, पाण्यातल्या मापाने. आणि जीव बोटभर.

आमच्या दृष्टीने मुख्य गोष्ट: हा गोंगाट गाउसियन नाही. बराच वेळ शांत, मग एकदम प्रचंड टोक. नॉर्थचं प्रमेय इथे लागू पडत नाही. केऑसवाल्यांना काही जागा असेल तर ती इथेच, असं मी भाच्याला म्हटलं. त्याचा चेहरा खुलला.

९ मार्च

प्रत्यक्ष चाचणी. बांधाच्या पलीकडच्या वळणावर दुसरी चकती पाण्यात, १०६१ हर्ट्झ, बॅटरीवर. इकडे पाटी. पहिले दोन तास सगळं नीट: पलीकडे चालू केलं, फेज फिरवली, कडं दिसलं, बंद केलं, गुंता. एखादी कोळंबी जवळ फुटली की कडं मोडायचं आणि काही फेऱ्यांनी परत जुळायचं.

संध्याकाळी दिवे लागले आणि प्रकार सुरू झाला. प्रक्षेपक बंद. तरीही पडद्यावर क्षणभर कडं, क्षणभर गुंता, परत कडं, अगदी नियमित लयीत. भाच्याने रेकॉर्डिंगवर मोजलं: सेकंदाला ११ च्या आसपास आवर्तनं. १०६१ वजा ११ म्हणजे १०५०. आणि १०५० म्हणजे ५० चे २१ पट.

खाजनावरून विजेची लाइन जाते आणि हायड्रोफोनची लांब केबल ही नामी अँटेना. एलईडी दिवे, चार्जर यांसारख्या एकफेजी भारातून विषम हार्मोनिक (५० हर्ट्झच्या विषम पटीतल्या वारंवारता) येतात, आणि त्यांतले तीनच्या पटीतले, २१ वा त्यातलाच, तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, एकत्र जमतात. दिवे लागायची वेळ आणि आमची लय जुळली ती यामुळे.

वारंवारता जरा वेगळी असली की डफिंग आंदोलक असा आलटून पालटून केऑस आणि शिस्त दाखवतो हे १९९९ च्या निबंधातही आहे. फरक ३ टक्क्यांच्या आत असेल तर ही लय दिसते, आणि तिच्यावरून फरक मोजता येतो, म्हणून हा गुण म्हणून सांगितला जातो. १०६१ चे ३ टक्के म्हणजे ३२ हर्ट्झ. विजेचे हार्मोनिक दर ५० हर्ट्झवर, म्हणजे इथे कुठेही जाऊन बसलो तरी सगळ्यात जवळचा जास्तीत जास्त २५ दूर. (सम हार्मोनिक सहसा क्षीण असतात, म्हणून ११०० च्या आसपास थोडी हवा मिळाली असती.) लॉक-इनला १ सेकंद बेरीज दिली की त्याचा पट्टा १ हर्ट्झच्या घरातला, ११ हर्ट्झ दूरचा शेजारी त्याला जवळजवळ दिसतच नाही. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या मर्यादेत ठेवायची असते, म्हणजे २१ वा हार्मोनिक साधारण १०४८ ते १०५१ मध्ये डोलतो. तरीही १० हर्ट्झ मोकळे.

कागदावर जो गुण आहे तोच गावात आला की दोष होतो, ते असं.

२३ मार्च

कोळंबीचा बंदोबस्त. भाच्याने आधी १०६१ भोवती अरुंद फिल्टर लावला आणि मग टोकं छाटली. काही उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता: अरुंद फिल्टरमध्ये शिरलेला ठोका घंटेसारखा घुमत राहतो. छाटायला टोक उरतच नाही, नुसता १०६१ चा लांबट नाद उरतो, म्हणजे अगदी खोटा सिग्नल. क्रम उलटा पाहिजे. आधी पूर्ण पट्ट्यावर छाटणी, मग फिल्टर. पाटीवर वन-एन ४१४८ डायोडची उलटसुलट जोडी, संगणकात एक ओळ. शांत वेळेतल्या गोंगाटाच्या तिप्पट पातळीला कापलं.

एवढ्या एका ओळीने लॉक-इन चांगलाच सुधारला. आंदोलकही सुधारला. केऑससाठी राखून ठेवलेली जागा डायोडच्या जोडीने घेतली.

६ एप्रिल

आंधळी चाचणी, भाच्याच्या रचनेने. खाजनातलं रात्रीचं खरं रेकॉर्डिंग, १-१ सेकंदाचे तुकडे. अर्ध्यांमध्ये संगणकाने १०६१ मिसळलेला, अर्धे तसेच, क्रम मला माहीत नाही, फेज दर वेळी वेगळी. दोन्ही पद्धतींना तोच छाटलेला तुकडा. एका फेरीत ४५ नमुने पडतात, आंदोलकाच्या पायरीसाठी मधले नमुने भरून घेतले. चार फेजचे चार आंदोलक, म्हणजे डफिंगवर अन्याय झाला असं कोणी म्हणू नये. आणि दोन्ही पद्धती आधी अशा जुळवल्या की खोट्या घंटांचं (सिग्नल नसताना "आहे" म्हणण्याचं) प्रमाण सारखं राहील.

हे शेवटचं कलम भाच्याने स्वतः घातलं, आणि मला सगळ्यात जास्त समाधान त्याचंच. वाचलेल्या बहुतेक निबंधांत एक चित्र असतं: सिग्नल घातला आणि कडं आलं. सिग्नल न घालता कितीदा कडं आलं ते कोणी विचारत नाही. सीमेच्या केसभर खाली उभा असलेला आंदोलक गोंगाटाच्या धक्क्यानेही पलीकडे जातो.

निकाल: सिग्नल मोठा असताना दोघेही शंभर नंबरी. कमी करत गेलो तसा डफिंग आधी चाचपडायला लागला, आणि नंतर नुसता छापा-काटा. त्या पातळीवर लॉक-इन अजून निर्धास्त होता. त्याला तशा अवस्थेला आणायला आणखी १० डेसिबलहून जास्त खाली जावं लागलं. ३२ हर्ट्झ ऐकणारा आणि १ हर्ट्झ ऐकणारा यांच्यात पट्ट्याच्या हिशोबानेच १५ डेसिबल निघतात, तेव्हा यात नवल काही नाही.

भाचा दिवसभर गप्प होता. संध्याकाळी म्हणाला, "मामा, प्रकल्प फसला."

"फसला कुठे? मोजून झालं की."

१३ एप्रिल

एक प्रश्न राहिला होता: वारंवारता माहीतच नसेल तर? निबंधांचं उत्तर, आंदोलकांची रांग, प्रत्येकाची वारंवारता आधीच्याच्या १.०३ पट. १ ते १० चा पल्ला भरायला ७८ पायऱ्या लागतात. फेजसाठी त्याला चारने गुणा. त्याच वेळात एक साधा एफएफटी (सिग्नलमधल्या सगळ्या वारंवारता वेगळ्या करणारा हिशोब) सगळा पल्ला १ हर्ट्झच्या बारकाईने दाखवतो. पाटी बांधायचा विचार मनातही आणला नाही.

२७ एप्रिल

अहवालाचं काम. मार्गदर्शकांचा सल्ला: "निकाल नकारात्मक आहे, शीर्षक जरा मवाळ करा." शीर्षक तसंच ठेवलं; त्याऐवजी तक्त्यात तीन रकाने वाढवले. जिथे डेसिबल लिहिलेत तिथे शेजारी गोंगाटाचा पट्टा, ऐकण्याचा वेळ आणि खोट्या घंटांचं प्रमाण. आधीच्या निबंधांतले दावे त्याच तक्त्यात आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ते तीन रकाने रिकामे आहेत. शेरा काही लिहिला नाही.

डफिंगच्या बाजूने जे खरोखर सापडलं तेही लिहिलं. कडं आलं की गेलं एवढंच बघायचं असल्याने पाटीला संगणक लागत नाही. आणि वारंवारतेतला थोडासा फरक लयीतून डोळ्यांनी मोजता येतो. १०५० चा उगम आम्हाला त्यामुळेच पाच मिनिटांत कळला, लॉक-इनने तो कधीच दाखवला नसता कारण त्याला तो ऐकूच येत नाही.

११ मे

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उणे किती डेसिबलपर्यंत गेलात?" भाच्याने विचारलं, "सर, किती हर्ट्झच्या पट्ट्यात आणि किती सेकंदांत?" पुढची वीस मिनिटं त्या एकाच प्रश्नावर गेली, आणि फळ्यावर ती पायरीची गंमत करून दाखवताना परीक्षक स्वतःच खडू घेऊन उभे राहिले म्हणे.

पाटी प्रयोगशाळेने मागून घेतली, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना केऑस दाखवायला. हायड्रोफोन आमच्याकडेच आहे. पावसाळ्यात कालव्यात गोडं पाणी उतरल्यावर कोळंबीची तडतड किती कमी होते ते मोजायचं भाच्याच्या डोक्यात आहे. त्यासाठी, विजेच्या लाइनचा उपद्रव टाळायला, केबलऐवजी पिळलेली जोडी आणि डिफरन्शियल प्रवर्धक लागेल. उद्या फोंड्याला जाऊन सामान बघतो.